शून्य म्हणजे उजवा डोळा

३ मार्च, मंगळवार

आज मेहुण्याने अख्ख्या कारखान्यासमोर माझं नाक कापलं आणि वर मलाच चहाचा कप पुढे केला.

निमित्त नव्या यंत्राचं. चष्म्याच्या काचा घासणारं संगणकी यंत्र आलंय. आमच्या ऑर्डरी त्या यंत्राला समजावून सांगणारा प्रोग्राम लिहायला बाहेरून एक सल्लागार बाई आणल्यात. त्यांची ओळख करून देताना मेहुणा म्हणाला, "आजवर आपलं सगळं भावोजींच्या जुगाडावर चाललं. आता खरी प्रणाली येतेय." लोक हसले. काचा बसवणारा म्हातारा कारागीरही हसला. त्याला माऊस धरायला मी शिकवलं होतं.

जुगाड! सासरे कारखाना बघत तेव्हा एकच ऑर्डर तीन टेबलांवर हाताने उतरवली जायची आणि तिन्ही ठिकाणी वेगळी व्हायची. मी तेव्हा काचा घासत होतो. प्रोग्रामिंग मला कुणी शिकवलं नाही. पुस्तकं आणली, चुकलो, खोडलं, पुन्हा लिहिलं. आज इथून बाहेर पडणारा प्रत्येक चष्मा माझ्या कोडमधून जातो. सासरेही 'जावयाचा जुगाड' म्हणायचे, नाही असं नाही. पण त्यांचं म्हणणं वेगळं आणि याचं वेगळं. बापाचा कोट अंगाला आला म्हणून बापाची जीभही येते असं नाही.

बरं. आजपासून मी त्याला 'मालक' म्हणणार. घरीसुद्धा.

५ मार्च, गुरुवार

सल्लागार बाईंना मी मनातल्या मनात प्रणालीबाई म्हणतो, कारण त्यांचं दर दुसरं वाक्य त्या शब्दाने सुरू होतं. त्या मला काका म्हणतात. माझ्यापेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी लहान असतील.

आज माझा कोड उघडून बसल्या होत्या.

"काका, तुमच्या या ऑब्जेक्टला कप्पेच नाहीत?"

"नाहीत."

"मग माहिती असते कुठे?"

"विचारा, मिळेल."

विचारल्यावर मिळाली. चेहरा बघण्यासारखा झाला होता. साधा ऑब्जेक्ट म्हणजे कप्पे ठरलेलं कपाट. कप्पा नसेल तर वस्तू ठेवता येत नाही. माझा 'नग', म्हणजे एका माणसाची चष्म्याची ऑर्डर, तसा नाही. डॉक्टरने उद्या एखादं नवंच मोजमाप लिहून पाठवलं तर तो ते बिनतक्रार पोटात घेतो. आणि बाहेर काढायचं तर चौकटी कंसात विचारायचं: नग[०], नग[१]. शून्य म्हणजे उजवा डोळा, एक म्हणजे डावा, कारण डॉक्टर नेहमी उजवा आधी लिहितात. कुणी आकड्याऐवजी नग['डावा'] असं शब्दात विचारलं तरी चालतं. कारण उत्तर कपाट देत नाही, दारात बसवलेला माझा माणूस देतो. तो माणूस म्हणजे मी लिहिलेल्या वीसेक ओळी. कंसातून जे येईल ते आधी त्याच्या कानावर पडतं. काय द्यायचं, कुणाला द्यायचं, हे तो ठरवतो. भाषेने दिलेली कंसाची रीत मी माझ्या रीतीने वळवली. याला जुगाड म्हणतात!

"हे सगळं लिहून कुठे ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

मी कपाळावर बोट ठेवलं. "इथे."

घरी हिला सांगितलं तर शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "अहो, त्याची जीभ तिखट आहे, मन नाही."

"माणसाचं नाक जिभेनेच कापतात," मी म्हणालो. "मनाने नाही."

"मग तुमचं नाक बरंच लांब असलं पाहिजे. दर महिन्याला कापलं जातं."

भावाची बाजू. रक्त बोलतं शेवटी. डावा डोळा मिटून सुईत दोरा ओवत बसली. लहानपणापासूनची सवय आहे तिची, डावा कच्चा म्हणून. नीट काही बघायचं असलं की तो मिटते.

९ मार्च, सोमवार

करायचं ठरलं, आणि आजच केलं.

सासऱ्यांनी घालून दिलेली एक रीत आहे. यंत्र नवं आलं, काचेचा माल बदलला, कारागीर बदलला, काहीही झालं तरी पहिला चष्मा घरच्या नाकावर. आठवडाभर वापरायचा. तक्रार नाही आली तरच गिऱ्हाइकाची काच यंत्रावर चढवायची. "चूक झाली तर घरात राहील," म्हणायचे. तो पहिला चष्मा आजवर दर वेळी मालकाने घातलाय. आधी सासऱ्यांनी, मग याने. त्याचा उजवा डोळा जवळजवळ धड, डावा चांगलाच कच्चा. त्या घराण्याची खोडच ती.

तेव्हा दारातल्या माझ्या माणसाला आज एक नवी सूचना दिली. विचारणारा आपला जुना प्रोग्राम असेल तर नेहमीसारखं द्यायचं. विचारणारा नवा प्रोग्राम असेल तर शून्याला डावा द्यायचा आणि एकला उजवा. बस. यंत्राला आकडे जातील ते उलटे, सोबतच्या चिठ्ठीवर छापले जातील तेही उलटे. काच चिठ्ठीशी पडताळली जाते, त्यामुळे सगळं कसं तंतोतंत जुळेल. नव्या यंत्राच्या उद्घाटनाला डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत. त्यांच्यासमोर मालक व्यासपीठाची पायरी चढू देत त्या चष्म्याने. तोंडावर आपटला तर मीच हात देऊन उठवीन आणि विचारीन, "काय मालक, प्रणाली लागली का?"

मुद्दाम सांगून ठेवतो: गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना यातून काही होणार नाही. रीत आहे ना मध्ये. पहिला चष्मा उलटा निघाला की सगळं थांबेल. मी हिशेबी माणूस आहे, कसाई नाही.

जेवण आज गोड लागलं.

१३ मार्च, शुक्रवार

काय झालं ते लिहायलाही लाज वाटते.

प्रणालीबाईंनी चाचणीला जुन्या ऑर्डरी चालवून पाहिल्या. डोळे उलटे आले. कुणाही शहाण्या माणसाने येऊन मला विचारलं असतं. त्या गेल्या थेट मेहुण्याकडे. दार उघडंच होतं, शब्दन् शब्द ऐकला.

"काकांच्या कोडमध्ये शून्य म्हणजे डावा डोळा आहे. सगळे उजव्यापासून मोजतात, त्यांनी डाव्यापासून मोजलंय. कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे शोधायला वेळ गेला. पण मी माझ्या बाजूला उलटून घेतलंय. आता बरोबर येतं."

मेहुणा बाहेर आला आणि तिथूनच ओरडला, "भावोजी, आरशात बघून लिहिलंत का काय?"

पुन्हा सगळे हसले.

म्हणजे माझं खोटं तिने तिच्या हाताने उलटवलं आणि खरं करून टाकलं. आणि मला डावं-उजवं कळत नाही हे वर सर्वांना सांगितलं. मला! ज्याने या कारखान्यात पहिल्यांदा सांगितलं की उजवा आधी! खरं बोलावं तर चोर ठरतो, गप्प बसावं तर गाढव. मी गाढव होणं पत्करलं.

जेवलो नाही. ही म्हणाली, "कुणावरचा राग अन्नावर काढताय?"

१४ मार्च, शनिवार

सकाळी दाढी करताना एकदम सुचलं, आणि गालाला कापलं.

मला काही करायलाच नको! उलट, केलेलं काढायचं.

कारखान्यात गेलो, दारातल्या माणसाला दिलेली ती सूचना पुसून टाकली. आता माझ्या कोडमध्ये एक अक्षर खोटं नाही. कुणीही या, तपासा. नग[०] म्हणजे उजवा, विचारणारा कोणीही असो. माझा माणूस खरं देणार आणि तिचा प्रोग्राम ते खरं हातात पडताच उलटवणार, कारण तिने तशी ओळ लिहून ठेवलीय. तिच्या हाताने. पूर्ण खात्रीने. चाचण्या झाल्या, सह्या झाल्या, आता ती पुन्हा बघणार नाही.

सूड घ्यावा तर असा. मी गुन्हा काढून टाकला आणि गुन्हा घडायला लागला. माझे हात धुतल्यासारखे स्वच्छ. सुंठीवाचून खोकला जाणार, आणि खोकला एकाच्या जागी दोघांचा.

१८ मार्च, बुधवार

नव्या यंत्रावर पहिला नग घासला गेला. ऑर्डरवर नाव नाही, नुसतं 'घरचा'. मी ती उघडून बघितली नाही. उघडणाऱ्याची नोंद राहते, आणि मला आता त्या ऑर्डरीच्या आसपासही माझं बोट नको आहे. शिवाय नाव काय बघायचं? घरचा म्हणजे मालक.

प्रणालीबाईंचं इथलं काम संपलं. जाताना माझ्या टेबलाशी आल्या.

"काका, तुमची ती कंसाची युक्ती मी पुढच्या कामात वापरणार आहे. तुमचं नाव सांगून."

"वापरा की," मी म्हणालो. टोमणा कळत नाही असं समजतात काय मला.

घरी आलो तर ही नव्हती. परवा मेहुण्याने तिचे डोळे तपासून आणले होते म्हणे, आज चष्म्यासाठी घेऊन गेला होता. आली ती नवा चष्मा लावून, गालातल्या गालात हसत. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही, नंबर वाढलाय." नंबर वाढल्यावर हसणारी बाई मी आजच पाहिली.

२३ मार्च, सोमवार

मेहुणा अजून जुनाच चष्मा लावून फिरतोय. आज मुद्दाम विचारलं, "मालक, पहिला नग घातला नाहीत? रीत मोडली की काय?"

"रीत चालू आहे, भावोजी," म्हणाला आणि हसला. उद्घाटनापर्यंत राखून ठेवतोय बहुतेक. ठेव बाबा. जितका उशीर, तितकी गर्दी.

हिची मात्र नवी कटकट. नवा चष्मा लावल्यापासून डोकं दुखतं म्हणते. उजव्या बाजूला काहीतरी ओढल्यासारखं होतं, कापडावरची खडूची रेघ दुहेरी दिसते. काल एका झग्याची बाही चुकीची कापली. अशी चूक तिच्या हातून मी कधी पाहिली नव्हती. जुना चष्मा लाव म्हणावं तर तो भावाने ठेवून घेतलाय, नव्याची सवय मोडू नये म्हणून.

मी तिला समोर बसवून नीट समजावलं. नंबर बदलला की मेंदूला नव्याने शिकावं लागतं, आठवडाभर असं होतंच, मध्येच काढून ठेवलास तर सवय कधीच व्हायची नाही. "इतकी वर्षं काचांमध्ये घालवलीत मी. माझं ऐक. काढू नकोस."

"बरं," म्हणाली. "तुम्ही म्हणता म्हणजे असेल."

२७ मार्च, शुक्रवार

ही पडली. आपल्याच जिन्यावर, दिवसाढवळ्या, रोजच्या पायऱ्यांवर. म्हणाली, पायरी होती त्याहून लांब दिसली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, हाड जुळेल, पण कात्रीची पकड पूर्वीसारखी येईल की नाही हे आत्ता सांगता येत नाही. ही डाव्या हाताने प्लास्टर चाचपत राहिली.

मेहुणा धावत आला. तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. "ताई, चष्मा होता ना डोळ्यांवर?" पुन्हा पुन्हा तेच. मला राग आला. बहिणीचा हात मोडलाय आणि याला चष्म्याची पडलीय.

२९ मार्च, रविवार

चष्म्याची दांडी पडल्यावर वाकली होती. सुट्टी म्हणून कारखाना बंद, किल्ली माझ्याकडे असते. म्हटलं सरळ करून आणावी.

चिमट्यात धरून दांडी उलटी केली. आतल्या बाजूला लाल ठिपका.

आमच्याकडे लाल ठिपका एकाच चष्म्याला देतात. पहिल्या नगाला.

कितीतरी वेळ ती दांडी तशीच धरून उभा होतो. मग काचेची शक्ती मोजायच्या यंत्राखाली उजवी काच धरली. अडीच. डावी धरली. पाऊण. यंत्र बिघडलं असेल म्हणून माझा स्वतःचा चष्मा मोजून पाहिला. यंत्र ठीक होतं. हिचा कच्चा डोळा डावा आहे, हे सांगायला मला कुठलाच कागद लागत नाही. जन्म गेला तिला तो मिटून दोरा ओवताना बघण्यात.

'काढू नकोस' म्हणालो होतो.

काय काय करता येईल ते खुर्चीत बसून मोजलं. प्रणालीबाईंच्या प्रोग्राममधली उलटवणारी ओळ काढायला हवी, पण तो कोड त्यांनी कुलूपबंद करून दिलाय, त्यांना बोलवावं लागेल. बोलावलं की त्या विचारणार, मी तपासलं तेव्हा तर उलटंच येत होतं, मग मध्ये काय बदललं? त्याचं उत्तर मला एकट्याला माहीत आहे. मेहुण्याला सांगावं, तर त्याला सांगणं म्हणजे हिला सांगणं. दोनदा फोन उचलला. दोनदा ठेवला.

मग यंत्रासमोर नाही, माझ्या जुन्या टेबलाशी बसलो आणि पुसलेली सूचना जशीच्या तशी परत लिहिली. नवा प्रोग्राम विचारत असेल तर शून्याला डावा. मी खोटं दिलं की ती ते उलटवणार, आणि काच बरोबर निघणार. तपासलं. निघाली. हिच्यासाठी नव्या काचा स्वतः घासल्या, स्वतः बसवल्या. कडा तीन वेळा पुसल्या.

संध्याकाळी तिने चष्मा लावला. खिडकीतून खालचा रस्ता बराच वेळ बघितला.

"आता स्वच्छ दिसतंय," म्हणाली. "काय केलंत?"

"बसवणं जरा सैल होतं."

"सैल होतं," ती म्हणाली. प्रश्नासारखं नाही. नुसतं.

३० मार्च, सोमवार

मेहुण्याने केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं.

"पहिल्या नगाच्या काचा बदलल्यात तुम्ही?"

"पडताना ओरखडा गेला होता."

"मला वाटलं चष्म्यातच चूक होती. तीन रात्री झोप नाही, भावोजी." डोळे खरंच सुजले होते. "पहिला नग या वेळी मी नाही घातला. म्हटलं, ज्याचं काम त्याच्या घरचं नाक. तुमचं काम, मग मान ताईचा. उद्घाटनाला सांगणार होतो, ताईला शपथ घालून गप्प बसवलं होतं. आणि त्या दिवशी जुगाड म्हणालो ते तुम्हाला लागलं, असं ताई म्हणाली. अहो, बाबा म्हणायचे तसं म्हणालो मी. ते कसे म्हणायचे, छाती फुगवून... तसं जमलं नाही बहुतेक."

सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडलंही होतं.

"चहा सांगू का?" असं विचारलं मी. पुढे 'मालक' जोडायला गेलो, ते मात्र आलं नाही.

६ एप्रिल, सोमवार

उद्घाटन झालं. आठवडाभरात हिची तक्रार नव्हती, म्हणून रीत पूर्ण. गिऱ्हाइकांच्या काचा आता यंत्रावर चढल्या आहेत आणि सगळ्या बरोबर निघताहेत. हिचा हात गळ्यात अडकवलेला, तरी पहिल्या रांगेत बसली होती.

पडद्यावर प्रणाली सुरू झाली तेव्हा पहिलं पान माझ्या नावाचं होतं. 'मूळ रचना' आणि खाली माझं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट. मेहुण्यानेच टाळ्या सुरू केल्या. मग त्याने प्रणालीबाईंनी पाठवलेली माहितीपुस्तिका उघडून त्यातला उतारा मोठ्याने वाचला: "'शून्य म्हणजे डावा डोळा. ही मूळ रचनाकारांची पद्धत आहे. संपूर्ण काम तिच्यावर उभं असल्याने ती कुणीही, कधीही बदलू नये.' ऐकलंत ना सगळ्यांनी? भावोजींच्या कोडला कुणी हात लावायचा नाही!"

समोरच्या एका डॉक्टरांनी कुतूहलाने विचारलं, "आम्ही सगळे उजवा आधी लिहितो. तुम्ही डावा आधी का घेतलात?"

सगळे माझ्याकडे वळले.

"माझी पद्धत आहे," मी म्हणालो.

"कलाकार माणूस!" मेहुणा म्हणाला. सगळे हसले, या वेळी प्रेमाने.

ही हसली नाही. नव्या चष्म्याने तिला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं आता. तरी डावा डोळा मिटून ती माझ्याकडे बघत होती, सुईच्या नेढ्याकडे बघते तशी.